मीठ अडलं, विमान अडलं नाही

माझी आजी मीठ सांडू द्यायची नाही. ताटाच्या कडेला चिमूटभर उरलं तरी, उष्टं असो की कसंही, बोटानं गोळा करून गाडग्यात टाकायला लावायची. पोरवयात मला वाटायचं, म्हातारी चिंगूस आहे. एकदा तोंडावर बोललोसुद्धा. तेव्हा ती म्हणाली, "बापू, तुला काय ठावं? मिठाच्या सालात पायलीभर जवारी देऊन मूठभर मीठ आणलंय म्या. लेकरं अळणी भाकर थुकून द्यायची."

हे मिठाचं साल म्हणजे १९४८. गाव चारठाणा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, राज्य निजामाचं. बाहेरचे लोक आमच्या गावाला ओळखतात ते हेमाडपंती देवळांसाठी. अभ्यासक येतात, खांबांचे फोटो काढतात, जातात. मिठाचं साल विचारायला आजीकडं कुणी आलं नाही. ती गेली, गाडगंही फुटलं.

आता हे उकरून काढायचं कारण सांगतो. २०२५ च्या अश्विन पौर्णिमेनंतर आमच्या पोरांनी एक बैठक घेतली. म्यानमारात, म्हणजे आपल्या जुन्या ब्रह्मदेशात, लष्कर आपल्याच गावांवर बॉम्ब टाकतंय. त्या पौर्णिमेलाच, ६ ऑक्टोबरला, सगाईंग प्रांतात चाऊंग-ऊ इथं सणासाठी दिवे घेऊन जमलेल्या लोकांवर वरून बॉम्ब पडले. २० हून जास्त माणसं मेली. पोरं चिडली होती. ठराव लिहून आणला होता : 'म्यानमारवर कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध लादावेत.' सही करा म्हणाले. मी विचारलं, निर्बंध म्हणजे नक्की काय काय अडवायचं? कोण म्हणालं, सगळंच. मी सही केली नाही. त्यावरून दोघं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणून हा लेख.

मित्रहो, 'निर्बंध' हा शब्द नवा असेल, गोष्ट नवी नाही. मराठवाड्यानं ती भोगलेली आहे.

२९ नोव्हेंबर १९४७ ला निजाम आणि दिल्ली यांच्यात वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला. हैदराबाद संस्थान चारी बाजूंनी भारतानं वेढलेलं. समुद्र नाही, बंदर नाही. मीठ बाहेरून, रॉकेल बाहेरून, पेट्रोल बाहेरून, दवा बाहेरून, यंत्रांचे सुटे भाग बाहेरून. १९४८ साल उजाडलं तसा माल सरहद्दीवर अडू लागला. निजाम सरकार ओरडू लागलं की ही नाकेबंदी आहे. मीठ, औषधं, पिण्याच्या पाण्यात टाकायचा क्लोरीन, इतकं सगळं अडवलंय. दिल्ली म्हणायची, आम्ही फक्त शस्त्रं आणि लढाईचा माल अडवतोय. दिल्लीचीही गाऱ्हाणी होती, आणि ती खोटी नव्हती. निजामानं भारताचं चलन आपल्या राज्यात बेकायदा ठरवलं होतं, सोनं-चांदी बाहेर न्यायला बंदी घातली होती, पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज देऊ केलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रझाकार. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यात गोरट्याला रझाकारांनी कत्तल केली. 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान निजामाविरुद्ध लिहायचा. स्वतः मुसलमान, तरी ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला हैदराबादेत रस्त्यात मारलं. तेव्हा नाकेबंदीला कारण नव्हतं, असं मी म्हणत नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी गोरट्याला जाऊन विचारावं.

पण नाकेबंदी कुणाच्या चुलीत शिरली ते बघा. निजाम म्हणजे १९३७ साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकानं मुखपृष्ठावर छापलेला, जगातला सगळ्यात श्रीमंत म्हणून गाजलेला माणूस. त्याच्या ताटात मीठ कमी पडलं असेल? कासीम रझवीची भाकर अळणी झाली असेल? मीठ वाण्याच्या दुकानातून आधी पाटलाच्या वाड्यात जाणार, मग गावात, आणि उरलंसुरलं तर येशीबाहेर. टंचाईलाही जात असते. येशीबाहेर पोचेपर्यंत मिठाची पायलीची मूठ होते.

आणि ज्यासाठी नाकेबंदी होती ती शस्त्रं? ती उडत आली. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक होता. त्यानं जून १९४८ पासून कराचीहून मोठ्या लँकास्ट्रियन विमानांतून रात्रीच्या रात्री बंदुका-दारूगोळा आणून बीदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवला. पुढं इंग्लंडात त्याच्यावर खटला झाला. दंड किती? २०० पौंड. मिठाचं पोतं सरहद्दीवर अडकलं आणि बंदुकीची पेटी डोक्यावरून गेली.

विमानावरून आठवलं. निजामाला विमानांचा शौक जुना. पहिल्या महायुद्धात त्यानं इंग्रजांना बॉम्बफेकी विमानांचं अख्खं पथक घेऊन दिलं. ब्रिटिश हवाई दलाचं ११० वं, 'हैदराबाद' नावाचं पथक. १९१८ मध्ये या पथकानं जर्मन शहरांवर बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धातही १५२ व्या पथकाला हैदराबादचं नाव होतं. हा पैसा आकाशातून पडला नव्हता. आमच्या परभणीच्या काळ्या रानातला सारा त्यात होता. जर्मनीतल्या कुठल्या म्हातारीनं 'हे बॉम्ब कुणाचे' असं विचारलं असतं, तर त्याचं एक टोक चारठाण्याच्या खळ्यापर्यंत आलं असतं. आमच्या लोकांना त्याची खबर नव्हती एवढंच.

२१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडं तक्रार धाडली. समितीनं ती पॅरिसमध्ये विचारात घेतली १६ सप्टेंबरला. आठ मतं बाजूनं, विरोधात एकही नाही, तीन तटस्थ. आणि १३ सप्टेंबरच्या पहाटेच भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनं नळदुर्गावर आली होती! म्हणजे जगाच्या चावडीवर पुकारा झाला तेव्हा इकडं चौथा दिवस चालू होता. भारतीय हवाई दलाची टेंपेस्ट विमानं बीदरच्या वाटेवर, तिकडं सूर्यापेटला, रझाकार आणि निजामी फौजेच्या मोर्च्यांवर बॉम्ब टाकत होती. निजामाकडं त्यांना तोंड देणारं हवाई दल नव्हतं. १७ तारखेला निजामानं हात टेकले, १८ ला त्याचा सेनापती अल एद्रूस जनरल चौधरींना शरण आला. २२ ला निजामानं तक्रारही मागं घेतली. आमच्या गावावर बॉम्ब पडल्याचं आजीनं कधी सांगितलं नाही. पण 'इमान' आलं की सगळा म्हारवाडा जवारीच्या रानात शिरायचा, हे सांगायची. सप्टेंबरात जवारी पुरुषभर उंच असते. वरून माणूस दिसत नाही.

दिल्लीनं याला पोलीस ॲक्शन म्हटलं. समितीपुढं भारताचं म्हणणं होतं की हैदराबाद हा स्वतंत्र देशच नाही, हा आमचा घरातला मामला. मराठवाडा सुटला याचा आनंद मलाही आहे, १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला मीही जातो. पण 'घरातला मामला' हे शब्द कानावर पडले की मी सावध होतो. ५ मार्च १९६६ ला याच हवाई दलानं मिझोरामात ऐझॉल गावावर मारा केला, तोही घरातलाच मामला. सुदानचं सरकार दारफूरबद्दल हेच म्हणालं, म्यानमारचे सेनापतीही हेच म्हणतात. आणि आपल्या वस्तीवर हल्ला झाला की पोलीस पाटील फौजदाराला काय सांगतो? 'साहेब, गावकीचा मामला हाय, आपसात मिटवू.'

विमानं थांबली तरी मरण थांबलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना चौकशीला पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. त्यांचा अंदाज, तोही हात राखून केलेला, २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा. मेलेले बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत. ही माणसं विमानांनी मारलेली नव्हती. फौज पुढं गेल्यावर गावागावांत, शेजाऱ्यांनी, आणि कुठं कुठं वर्दीवाल्यांच्या डोळ्यांदेखत किंवा हातानं मारलेली. हा अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता. आपण मुक्तिदिनाच्या भाषणात त्याचं नाव घेत नाही.

या सगळ्यात आपले पुढारी कुठं होते? दोन्हीकडं. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री होते. औरंगाबादेत जन्मलेले शामसुंदर हैदराबादच्या शिष्टमंडळातून थेट पॅरिसला गेले. निजामानं दलितांच्या शिक्षणासाठी १ कोटीचा निधी काढला होता. सवर्ण काँग्रेसवाल्यांच्या राज्यात आपलं काय होईल, ही त्यांची भीती होती. ती पोकळ होती असं १९७८ चं नामांतर पाहिलेला माणूस म्हणणार नाही. उलट बाजूला जे. एच. सुब्बय्यांचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. आणि बाबासाहेबांनी तर नोव्हेंबर १९४७ मध्येच पत्रक काढून बजावलं होतं की हैदराबादेतल्या अस्पृश्यांनी निजामाच्या बाजूला जाऊन समाजाला बट्टा लावू नये. बळजबरीच्या धर्मांतराबद्दलही त्यात होतं. मला बाबासाहेबांचा निवाडा बरोबर वाटतो. पण शामसुंदरांना नुसतं 'निजामाचा माणूस' म्हणून कचऱ्यात टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. याच माणसानं पुढं १९६८ मध्ये गुलबर्ग्यात भीमसेना उभी केली.

असो. मुद्दा निर्बंधांचा.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ४१ वं कलम वाचा. लढाई न करता एखाद्या देशाला वठणीवर आणायला काय काय तोडता येईल, ते त्यात आहे. व्यापार, रेल्वे, समुद्र, हवाई वाहतूक, टपाल, तार, रेडिओ. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. हे तर आम्हाला पाठ आहे! १९२८ मध्ये मुंबई सरकारनं स्टार्ट समिती नेमली, बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालात हेच आहे. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव वाट बंद करतं, काम बंद करतं, वाणी जिन्नस देत नाही. जगाच्या भाषेत निर्बंध, आमच्या भाषेत बहिष्कार. फरक एवढाच की तिथं आठ-दहा देश ठराव करतात, इथं पारावर चार माणसं. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी बहिष्काराला गुन्हा ठरवा अशी मागणी केली. त्याचा मसुदा त्यांनी कुठून घेतला माहीत आहे? १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून. महाराष्ट्राला असा कायदा करायला २०१६ उजाडावं लागलं.

पण बहिष्कार दोन तऱ्हेचे असतात. गावानं आमच्यावर घातला तो एक. त्यात मीठ, पीठ, पाणी, वाट अडते. पोटाला चिमटा बसतो, तोही लेकराच्या आणि बाळंतिणीच्या आधी. आणि आमच्या आज्या-पंज्यांनी घातला तो दुसरा. महाडनंतर गावोगावच्या महारांनी ठरवलं, मेलेली ढोरं ओढणार नाही. बघा, त्यांनी पाटलाचं मीठ अडवलं नाही, अडवणं त्यांच्या हातातही नव्हतं. गावाची मिजास ज्या कामावर उभी होती, त्या कामातून त्यांनी आपला हात काढून घेतला. ढोर वाड्यापुढं सडलं, वास पाटलाच्याच नाकात गेला. त्यात कुणाचं लेकरू उपाशी मेलं नाही. मेलं असेल तर आमचंच, कारण गावानं उलट पहिल्या तऱ्हेचा बहिष्कार घातला.

हे दोन तराजू घेऊन जगाकडं बघा.

ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीची फौज इथिओपियात घुसली. राष्ट्रसंघानं १८ नोव्हेंबरपासून इटलीवर निर्बंध लावले. इटलीचा माल घ्यायचा नाही, कर्ज द्यायचं नाही, शस्त्रं द्यायची नाहीत. सगळं ठीक. पण तेल? तेल यादीत नव्हतं. कोळसा नव्हता, पोलाद नव्हतं. सुएझचा कालवाही इटलीच्या जहाजांना उघडा. इंग्लंड-फ्रान्सला मुसोलिनी दुखवायचा नव्हता. मग त्याच तेलावर विमानं उडाली आणि डिसेंबरपासून विषारी वायू टाकू लागली. अनवाणी शेतकऱ्यांवर, गुरांवर, पाणवठ्यांवर. ३० डिसेंबरला स्वीडनच्या रेडक्रॉसच्या दवाखान्यावर बॉम्ब पडले. मे १९३६ ला आदिस अबाबा पडलं, जुलैत निर्बंधही उठवले. तेल अडवलं असतं तर आठवड्यात माघार घ्यावी लागली असती, असं मुसोलिनी पुढं हिटलरपाशी बोलल्याचं दुभाष्यानं नोंदवून ठेवलंय. ढोर ओढणं बंद न करता नुसता रामराम बंद केला, असा तो बहिष्कार.

इराकची तऱ्हा उलटी. मार्च १९८८ मध्ये सद्दामच्या विमानांनी हलबजात विषारी वायू टाकून सुमारे ५,००० कुर्द मारले, तेव्हा सुरक्षा समितीनं त्याच्यावर निर्बंध लावले नाहीत. लावले ते ऑगस्ट १९९० मध्ये, कुवेत घेतल्यावर, आणि २००३ पर्यंत ठेवले. क्लोरीनवरसुद्धा बंधनं, शस्त्र होऊ शकतं म्हणून. निजामी राज्यातला तोच क्लोरीन! सद्दामचे महाल वाढत गेले आणि नळाच्या पाण्यानं लेकरं आजारी पडत गेली. डेनिस हॅलिडे नावाचा संयुक्त राष्ट्रांचाच बगदादमधला अधिकारी १९९८ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडला. त्याच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेकही २००० मध्ये गेले.

दारफूरमध्ये २००५ साली सुरक्षा समितीनं सुदानला सांगितलं, हल्ल्यासाठी विमानं उडवू नका. सुदानच्या लष्करानं काय करावं? विमानं पांढरी रंगवली, संयुक्त राष्ट्रांच्या विमानांसारखी. समितीच्याच तज्ज्ञांनी ते पकडलं. विमान जमिनीवर धरून ठेवणारा कुणी नव्हता.

आता म्यानमार. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता घेतली. जमिनीवर हरू लागलं तसं ते आकाशात गेलं. ११ एप्रिल २०२३ ला सगाईंगमधल्या पाझिजी गावात दीडशेहून जास्त माणसं एका हल्ल्यात मेली. १० डिसेंबर २०२५ ला आराकानात म्राऊक-ऊच्या रुग्णालयावर बॉम्ब पडले, तीसहून जास्त मेले. आराकान हे नाव आपल्याला कळलं पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे भदंत चंद्रमणी आराकानातले. मात्र 'आपले बौद्ध' म्हणून गळा काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की बॉम्ब टाकणारे सेनापतीही बौद्धच आहेत. २०१७ मध्ये त्याच लष्करानं त्याच आराकानातून लाखो रोहिंग्या मुसलमानांना हुसकलं, तेव्हा काही चीवरधारी टाळ्या वाजवत होते आणि आपणही इकडं गप्प होतो.

म्यानमारातली माणसंच गेली चार-पाच वर्षं सांगताहेत की विमानाचं इंधन अडवा. तांदूळ नको, औषध नको, इंधन. सुटे भाग. टँकर जहाजाचा विमा. म्हणजे दुसऱ्या तऱ्हेचा बहिष्कार. कॅनडानं जानेवारी २०२३ मध्ये हे इंधन धाडायला बंदी केली. अमेरिकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये या धंद्यातल्या परदेशी दलालांनाही कचाट्यात आणायची सोय केली. मग माल मधल्या बंदरांवर दोनदा-तीनदा विकून पोचू लागला. सुरक्षा समितीनं डिसेंबर २०२२ मध्ये ठराव केला, त्यात शस्त्रबंदी नव्हतीच. रशिया आणि चीन विमानं विकणारे, तेच समितीत नकाराधिकाराचे मालक. पाटलानंच पंच व्हायचं.

आणि आपण? जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं म्यानमारला शस्त्रं जाऊ देऊ नका असं म्हटलं तेव्हा ११९ देश बाजूनं होते, भारत तटस्थ. मे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी टॉम अँड्र्यूज यांनी हिशेब मांडला. सत्तापालटानंतर भारतातल्या कंपन्यांकडून, त्यात सरकारी कंपन्याही, ५ कोटी १० लाख डॉलरचा लष्करी माल तिकडं गेला. १९१८ च्या आमच्या बापजाद्यांना खबर नव्हती. आपल्याला आहे.

मी हे सगळं पुढच्या बैठकीत मांडलं. ठराव नव्यानं लिहायला बसलो. 'कडक निर्बंध लादावेत' ही ओळ खोडली. त्याजागी तीन ओळी आल्या : भारतातून त्या लष्कराला एक बोल्टही जाऊ नये. विमानाचं इंधन, ते नेणारी जहाजं आणि त्यांचा विमा अडवावा. मीठ, धान्य, दवा आणि पाणी साफ करायचा माल कोणत्याही कारणानं अडवू नये. या तिसऱ्या ओळीवर अर्धा तास भांडण झालं. एकजण म्हणाला, "काका, दवा लष्करालाबी मिळंल की." मिळेल. तरी ओळ ठेवली.

मग कॉलेजातल्या एका पोरीनं विचारलं, "पौर्णिमेला बॉम्ब टाकले ते विमानातून नव्हते. मोटर लावलेल्या छत्रीतून टाकले. ती साध्या पेट्रोलवर उडते. ते कसं अडवायचं?" तिचं बरोबर होतं. विमानाला वेगळं इंधन लागतं म्हणून ते अडवता येतं. साधं पेट्रोल अडवलं तर रुग्णाला नेणारी मोटारसायकल अडते, शेतातला पंप अडतो, आणि आपण पुन्हा मिठाच्या सालात येतो. कुणालाच काही सुचलं नाही. चौथ्या ओळीची जागा ठरावात तशीच कोरी ठेवली आहे. या अंकाच्या वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर कळवा, ठराव अजून पाठवलेला नाही.